शाल, श्रीफळ आणि साडेएकोणचाळीस अंश

अकोल्यात मे महिन्यात कोट घालून फिरणारा माणूस पूर्वी एक तर नवरदेव असायचा, नाही तर वेडा. आता तो मान्यवर असतो.

माझे साडू प्रफुल्ल म्हैसने भर दुपारी दारात उभे राहिले, तेव्हा उन्हाचा भोंगा वाजून गेला होता आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भोंगा वाजला की पाचपर्यंत बाजार बंद, शाळा तर फेब्रुवारीपासूनच सकाळच्या. बाहेर शेहेचाळीस अंश. साडूंच्या अंगात करडा लोकरी कोट, गळ्यात टाय. कोटाच्या आत काय आहे ते मी वाकून पाहिलं. बिनबाह्यांचा स्वेटर होता. कपाळ ठणठणीत कोरडं. मी बनियनवर होतो आणि सोफ्याचं रेक्झिन माझ्या पाठीला सोडायला तयार नव्हतं.

"अढाऊ," ते उंबऱ्यातच थबकले, "तेवढा कूलर बंद करता का? फार बोचतो."

"काय बोचतं?"

"गारवा."

मी चाळीस वर्षं सरकीचा व्यापार केला. समोरच्याचा माल बघितल्याशिवाय आपला कूलर बंद करायचा नाही, एवढं शिकलो आहे. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुम्ही बाहेर ओट्यावर खुर्ची टाका. उन्हात बरं वाटेल."

ही थट्टा होती. पण त्यांनी खरंच खुर्ची उन्हात ओढली, समाधानाने पाय पसरले, आणि येणाजाणारा कुणी नाही म्हणून जरा हिरमुसले. कोट बघायला माणूस नको का?

प्रफुल्ल म्हैसने कॉलेजातून उपप्राचार्य म्हणून निवृत्त झाले. प्राचार्याची खुर्ची त्यांच्यादेखत दोनदा रिकामी झाली आणि दोनदा दुसऱ्यानेच भरली. त्या 'उप'ने त्यांचा जन्म पोखरला. गणपती मंडळ असो की रक्तदान शिबिर, सत्काराचं कळलं की हे पहिल्या रांगेत मान पुढे काढून तयार. घरात शालींनी कपाट भरलेलं आणि नारळांच्या चटणीने बायकोचं डोकं फिरलेलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कानामागे मणी बसवून घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'उप' नसलेलं काही तरी त्यांच्या अंगाला लागलं.

त्या मण्याचं शास्त्र मला कंपनीच्या माणसाने समजावलं. मला ते पटकन कळलं, कारण ते सगळं जमाखर्चाचं होतं.

देह हा मोठा कर्मठ व्यापारी. शिल्लक रोज एकच हवी, सदतीस अंश. जेवण पचलं की उष्णता जमा, चाललं की जमा, उन्हात उभं राहिलं की जमाच जमा. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, तो या पेढीचा दिवाणजी. कातडी त्याला बाहेरची बातमी देते, आतली बातमी रक्तातूनच कळते. शिल्लक वाढली की तो दोन हुकूम सोडतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडा आणि आतलं गरम रक्त वर आणा, हा पहिला. दुसरा, घाम सोडा. घाम नुसता गळून फायदा नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो उष्णता घेऊन जातो. आणि आपल्या गावात हवाच अंगापेक्षा गरम, तेव्हा पहिली वाट उलटी वाहते. उरतो फक्त घाम. तोच आपल्याला मे महिना पार करून देतो, आणि त्याचीच आपल्याला लाज.

शिल्लक कमी पडली तर उलटे हुकूम. वाहिन्या मिटा, काटा आणा, तेवढ्याने भागलं नाही तर स्नायू थरथरवा. थरथर म्हणजे जागच्या जागी केलेली मजुरी, तिच्यातून ऊब येते.

तापात काय होतं? जंतूंशी लढायला दिवाणजी स्वतःच शिलकीचा आकडा वर नेतो. सदतीसऐवजी एकोणचाळीस. आता अंग अडतिसावर आहे, म्हणजे चांगलं गरम आहे, तरी दिवाणजीच्या हिशेबाने ते एका अंशाने गार. म्हणून तापलेल्या माणसाला हुडहुडी भरते आणि तो गोधडी मागतो. आजार सरला की आकडा खाली येतो, मग एकदम घाम फुटतो. आपल्या बायका पिढ्यान्पिढ्या म्हणत आल्या ते हेच. घाम आला, ताप उतरला.

मणी एवढंच करतो. कानामागच्या हाडावरून तो बारीक ध्वनिलहरी त्या बदामापर्यंत पोचवतो आणि दिवाणजीला चढा आकडा सांगतो. कल्पना उंटावरून घेतलेली. वाळवंटातला तहानलेला उंट दिवसा अंग तापू देतो, घाम काढत नाही, पाणी वाचवतो, आणि साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात सोडून देतो. ओतकाम कारखान्यातल्या कामगारांनी पाळीच्या चार तासांत उंटासारखं वागावं आणि घरी जाऊन मण्याला शून्यावर आणून माणसासारखं निजावं, म्हणून संशोधकांनी हे केलं. त्याला एक ते पाच पायऱ्या, पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या. पायरीमागे अर्धा अंश. साठीच्या पुढे दोनच्या वर जायचं नाही.

कामगारांना मणी किती मिळाले, देव जाणे. बाजाराला मात्र लगेच उमगलं की, जगात उष्णतेपेक्षा घामानेच अब्रू जास्त जाते. उंटाचं नाव कुठेच आलं नाही. डबीवर छापलं, 'हेमंत'.

दोन उन्हाळ्यांत गाव असं बदललं की, सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. लग्नपत्रिकेवर 'कोट अपेक्षित' आलं. सोयरीक जुळवताना मुलगा कुठल्या पायरीवर आहे ते विचारू लागले. सभागृहांत मान्यवरांना थंडी वाजते म्हणून कूलर बंद ठेवायची रीत पडली. मणी नसलेली माणसं मागच्या रांगांत, खिडकीपाशी, एकमेकांना पत्रिकेने वारा घालत. त्यांना एक नावही पडलं, ओले. "ओल्यांची व्यवस्था मागे केली आहे हं," असं निवेदक गोड आवाजात सांगायचा आणि ओले मुकाट्याने मागे जायचे. मीही गेलो आहे. खिडकी चांगली असते.

छाया, म्हणजे म्हैसने सरांची बायको आणि माझी मेहुणी, ओलीच राहिली. तिला थायरॉइडच्या गोळ्या, डॉक्टरांनी मण्याला सरळ नकार दिला. मी कैऱ्या द्यायला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पाठ टेकून बसली होती. कमरेला खोचलेला नॅपकिन ओला करून मानेवर ठेवलेला, चेहरा लालबुंद.

"पंखा लाव ना," मी म्हटलं.

"लावला की ते येऊन बंद करतात. त्यांना हुडहुडी भरते."

"आणि तुला?"

"मला काय भरणार भाऊजी? पाठीवर घामोळं भरलंय." तिने नॅपकिन उलटा केला. "काल गॅससमोर डोळ्यापुढे अंधारी आली. पोळी जळाली. ते म्हणाले, लक्ष कुठे असतं तुझं."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कोण आहे?" आणि पाठोपाठ सर आले, गळ्याला शाल.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "बाई भाजून निघते हो इथे."

"सवयीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "मनाची तयारी लागते. मी बघा."

"तुमच्या मनाची नाई, कानामागची तयारी आहे," छाया म्हणाली. "भाऊजी, यांच्या कपाळाला हात लावून बघा जरा."

मी लावला. सरकीचा ओला ढीग वरून गपगार दिसतो आणि आत कोपर घातलं की चटका बसतो, तसं.

"पहिल्या दिवशी मी घाबरून तापाची गोळी आणली होती," ती सांगू लागली. "तर हे हसले. म्हणाले, हा ताप नव्हे, हा स्तर आहे."

"आहेच," सर म्हणाले.

"रात्री शून्यावर आणायचं असतं ना?" मी विचारलं.

छायाने माझ्याकडे पाहिलं. "आणलं की घाम येतो. उशी ओली होते. यांचं म्हणणं, सकाळी धुणंवाली काय म्हणेल?"

सरांनी शाल सारखी केली. धुणंवालीच्या मतासाठी जो माणूस स्वतःचा मेंदू रात्रभर उकडत ठेवतो, त्याला काय सांगावं? मी कैऱ्या ठेवल्या आणि निघालो.

जूनमध्ये सरांची एकसष्टी आली. सत्कार समिती स्थापन झाली. ती कुणी स्थापन केली ते विचारू नये. अध्यक्षांपासून खजिनदारापर्यंत सगळे सरांचेच माजी विद्यार्थी, आणि बैठका सरांच्याच दिवाणखान्यात. प्रमुख पाहुणे भैयासाहेब धोत्रे. एके काळी आमदार, आता नुसतेच वजनदार. भैयासाहेब बैठकीला आले ते लोकरी मफलर गुंडाळून, हातमोजे घालून. कानामागे मण्यावर लावतात ती पांढरी पट्टी. सगळे बघतच राहिले.

"कितीवर, भैयासाहेब?" एकाने अदबीने विचारलं.

"चार," भैयासाहेब म्हणाले आणि हातमोजे चोळले. "पण आता चारनेही भागत नाही बुवा. काल पहाटे शेकोटी करावी लागली."

दिवाणखान्यात आदराची लाट फिरली. म्हैसने सरांचा चेहरा मी कोपऱ्यातून पाहिला. प्राचार्यपद दुसऱ्यांदा हुकलं त्या दिवशी असाच झाला होता. स्वतःच्या एकसष्टीत, स्वतःच्या घरात, ते पुन्हा उप. कारण ते दोनवर.

चार दिवसांनी छायाचा फोन आला. "भाऊजी, येता का? हे ऐकत नाईत."

मी गेलो. सर आरशासमोर उभे होते, तोंडावर एक नवीन तेज. ते तेज काय होतं ते छायाने सांगितलं. स्टेशनामागच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून सरांनी मण्याचं कुलूप काढून आणलं होतं. आता फोनवर पाचही पायऱ्या खुल्या.

"पाच म्हणजे किती, माहीत आहे ना?" मी विचारलं. "साडेएकोणचाळीस. तोवर तुमचं अंग एक थेंब सोडणार नाही. आणि चाळिसाच्या वर माणूस बरळायला लागतो."

"अढाऊ, मध्ये संपूर्ण अर्धा अंश आहे," सर म्हणाले. "मी वाणिज्य शिकवलं आहे. वजाबाकी मला येते."

"सभागृहात कूलर बंद असणार. अंगावर कोट. वर शाली."

"शाली घेतल्या की खुर्चीवर काढून ठेवायच्या असतात, हे मला कळतं."

"काढून ठेवाल?" छायाने विचारलं.

सर आरशात भांग बघत राहिले.

"भैयासाहेबांसमोर काढाल का, ते विचारते मी. ते मफलर सोडणार नाईत आणि तुम्ही शाल सोडाल?" तिचा आवाज चिरकला. "अहो, तुम्ही पडलात तर मी काय करू? हे सगळे मफलरवाले येणार आहेत का उचलायला?"

"अपशकुनी बोलू नकोस."

"पाचवर गेलात तर मी येणार नाई."

आता सर वळले. त्यांनी जे म्हटलं ते अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं म्हटलं, आणि म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं. "येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मंचावर माझ्या शेजारी तुझी खुर्ची आहे, रिकामी बरी दिसणार नाही. फक्त एवढं कर. तो नॅपकिन आणू नकोस. फोटोत घाम पुसताना दिसतेस."

छायाने कमरेचा नॅपकिन काढला, घडी घातली, पुन्हा कमरेला खोचला.

समारंभ सकाळी अकराचा, म्हणून साडेबाराला सुरू झाला. सभागृहाच्या भिंतीलगत मोठमोठे कूलर उभे होते, टाक्या काठोकाठ भरलेल्या, कारण कंत्राटात पाणी होतं. बटण लावणं मान्यवरांच्या हातात होतं आणि मान्यवर सगळे कोटात. मी ओल्यांत, खिडकीपाशी. मंचावर मधोमध म्हैसने सर, उजवीकडे मफलर, हातमोजे आणि भैयासाहेब, डावीकडे छाया. कमरेला नॅपकिन.

मग शाली सुरू झाल्या.

आपल्याकडे माणसाचा गौरव करायचा म्हणजे त्याच्यावर लोकर टाकायची. ही रीत कुठल्या थंड मुलखातून आली कुणास ठाऊक, पण आपण ती शेहेचाळीस अंशांत निष्ठेने पाळतो. समितीची शाल, माजी विद्यार्थ्यांची शाल, पतपेढीची, ज्येष्ठ नागरिक संघाची, दोन गणपती मंडळांची वेगवेगळी, कारण त्यांचं भांडण. दर शालीला सर उठायचे, मान झुकवायचे, नारळ छातीशी धरायचे, आणि बसायचे. शाल काढायचे नाहीत. भैयासाहेबांकडे एक नजर टाकायचे आणि तिच्यावर पुढची शाल घ्यायचे. थोड्या वेळाने मंचावर फक्त एक गाठोडं आणि त्यावर चष्मा दिसू लागला.

गौरवपर भाषणं चालू असताना गाठोडं हललं. आधी हात थरथरले, मग नारळ मांडीवरून घरंगळला. मग दात वाजायला लागले. माईक शेजारीच होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहाला ऐकू आले.

निवेदक माणूस हुशार. तो तिथल्या तिथे म्हणाला, "रसिकहो, पाहा! सर भारावून गेले आहेत! सत्काराने त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले आहेत!"

टाळ्या झाल्या.

आत काय चाललं होतं ते आता सांगायला नको. आकडा साडेएकोणचाळीसवर ठेवलेला, अंग थोडं खाली. म्हणून दिवाणजी थंडी समजून स्नायूंकडून मजुरी करून घेत होता. मजुरीची ऊब शालींच्या आत, बाहेर पडायला फट नाही. आणि त्या कैचीत सापडलेला माणूस भैयासाहेबांकडे वळून अस्पष्ट म्हणाला, "थंडी... फार थंडी."

हे आपल्याच माणसाचं लक्षण, असं मंचावर सगळ्यांना वाटलं. खजिनदार धावत गेला आणि राखून ठेवलेली मानाची शाल, जरीकाठाची, सरांच्या डोक्यावरून पांघरली.

छायाने त्यांचं मनगट धरलं होतं. मी लांबून तिचा चेहरा पाहिला आणि खुर्चीवरून उठलो. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग शालींच्या आत मानेला.

"अहो," ती म्हणाली. "इकडे बघा. माझं नाव काय?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्राचार्य कुठे आहेत?"

तिने जरीकाठाची शाल ओढून फेकली.

सभागृहात जे 'हां हां' उठलं ते मी मेलो तरी विसरणार नाही. बाईच्या अंगावरचं कुणी ओढलं असतं तरी एवढं झालं नसतं. ती एकेक शाल उपसत होती, पतपेढी, ज्येष्ठ नागरिक, दोन्ही मंडळं, आणि समितीचा अध्यक्ष तिचा हात धरायला बघत होता. "काकू, फोटो चाललेत! काकू, सत्कारमूर्ती आहेत ते!"

"मूर्तीच होईल त्यांची! हट!"

भैयासाहेब बसल्या जागी म्हणाले, "वहिनी, ही आपली संस्कृती नव्हे."

"भाऊजी!" ती ओरडली. "कूलर!"

मी मंचावर चढेपर्यंत तिने कोटाची बटणं तोडली होती. सरांच्या खिशातून फोन काढला, त्यांचा अंगठा धरून काचेवर दाबला. जन्मभर पोरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल रेघा ओढणाऱ्या उपप्राचार्यांचा अशा रीतीने अंगठा घेतला गेला. काचेवर अंगाचा आकडा आला, चाळीस पूर्णांक तीन. पाचची हद्दही ओलांडलेली, पण मण्याच्या धाकात दिवाणजी अजून थेंब सोडत नव्हता. खाली ती पायऱ्यांची पट्टी. छायाने पाचवरचं बोट सरळ शून्यावर ओढलं.

मी आणि मागच्या रांगेतले दोन ओले, आम्ही कूलर मंचाकडे ढकलत आणला. टाकीतलं पाणी नारळाच्या परातीने उपसून छाया नवऱ्याच्या छातीवर, मानेवर, काखेत ओतत होती. नॅपकिन भिजवून डोक्यावर बांधला. मग मी कूलरचं बटण पूर्ण फिरवलं.

आता जे झालं ते खरं तर तिकीट लावून दाखवण्यासारखं होतं. कूलरचा पहिला झोत मंचावर आला आणि अध्यक्षांनी किंकाळी फोडली. खजिनदार टेबलाखाली गेला. कोट, टाय, स्वेटर, सगळे मान्यवर कुडकुडत, एकमेकांना ढकलत, दाराकडे धावले, आणि दारातून थेट रस्त्यावर, भर उन्हात. मी खिडकीतून पाहिलं. भोंगा वाजलेल्या रिकाम्या रस्त्यावर गावची सगळी प्रतिष्ठा डांबराला पाठ लावून ऊब घेत होती.

मंचावर एकच मान्यवर बसून होते. भैयासाहेब. ते पळाले नाहीत. त्यांनी खुर्ची जरा कूलरकडे सरकवली, मफलर दोन बोटांनी सैल केला, डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडून एक असा सुस्कारा निघाला की, तो मी फक्त आंघोळीनंतर म्हशीचा ऐकला आहे. वाऱ्याने त्यांच्या कानामागची पट्टी उडाली. तिच्याखाली मणी नव्हता. काहीच नव्हतं. मानेवर मात्र मफलरच्या रेषेत लाल, दाणेदार, छायाच्या पाठीवर होतं तसंच घामोळं.

माझं लक्ष गेलेलं त्यांना कळलं. त्यांनी पट्टी उचलून पुन्हा लावली आणि पुढारी हसतात तसं हसले.

तेवढ्यात छाया म्हणाली, "आला!"

सरांच्या वरच्या ओठावर एक थेंब उभा होता. मग कपाळावर, मग मानेच्या खळग्यात. दिवाणजीला अखेर खरा आकडा दिसला होता आणि कातडीची सगळी दारं त्याने एकदम उघडली होती. सर घामाने निथळायला लागले. अँब्युलन्स आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, कूलरकडे पाहिलं, आणि पुटपुटले, "छाया, पंखा... मोठा कर."

इथे एखाद्या चांगल्या माणसाची गोष्ट संपली असती. पण मी म्हैसने सरांची सांगतो आहे.

दवाखान्यात मणी काढला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा नाव काढायचं नाही, डोक्यातला तो बदाम आता हळवा झाला आहे. घरी आल्यावर सर आठ दिवस बायकोशी बोलले नाहीत. वर्तमानपत्रात फोटो आला होता, त्यात ते बनियनवर होते आणि बनियनला भोक होतं. जीव वाचल्याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. भोकाचं फार वाटलं. नवव्या दिवशी त्यांनी कानामागे पांढरी पट्टी लावली, कोट घातला, आणि दिवाणखान्यातला पंखा बंद करून बसले.

मी भेटायला गेलो. कोटाच्या कॉलरखालून घामाचा ओघळ शर्टात शिरत होता.

"काय हो," मी म्हटलं, "थंडी?"

"जरा आहे," ते म्हणाले.

छाया दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "बोलले भाऊजी, आज पहिल्यांदा बोलले. काय म्हणाले माहीत आहे? मणी काढल्याचं कुणाला सांगू नकोस."

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. राहिलेला सत्कार पुरा करायला समिती आली होती. अध्यक्ष, खजिनदार, आणि मफलर गुंडाळून भैयासाहेब. खजिनदाराच्या हातात ती जरीकाठाची शाल, धुऊन इस्त्री केलेली. सर उठले. मान आपोआप झुकली. मला वाटतं, त्यांना फाशी द्यायला कुणी आलं असतं तरी ती तशीच झुकली असती.

शाल खांद्यावर पडली. भैयासाहेब शेजारी बसले. दोन पट्ट्या, दोन कोरी कानशिलं, दोघांच्या नाकाच्या शेंड्यावर एकेक थेंब. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत.

"गार आहे नाही आज," भैयासाहेब म्हणाले.

"बरंच," सर म्हणाले.

छाया आत गेली नाही. ती सरळ बटणांपाशी गेली आणि पंखा लावून रेग्युलेटर पाचवर फिरवला.

"काकू, काकू!" अध्यक्ष गडबडला. "पंखा! सरांना त्रास होईल!"

"माझं घर आहे," ती म्हणाली. "पंखा चालू राहील. आजही आणि उद्याही. ज्याला थंडी वाजते त्याने अंगणात बसावं. ऊन चांगलं आहे."

अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांचे मणी खरे. ते चहाची वाट न बघता दात वाजवत अंगणात पळाले. दिवाणखान्यात पंख्याखाली उरले दोघे. हवा लागत होती, सुख होत होतं, आणि सुख होतंय हे आधी कुणी कबूल करायचं यावर दोघं अडले होते. मी आयुष्यात पुष्कळ सौदे पाहिले, एवढा घट्ट पाहिला नाही.

छायाने कमरेचा नॅपकिन काढला. नवऱ्याच्या कानामागची पट्टी ओढून काढली, खिडकीतून टाकली, आणि त्याचं कपाळ, गाल, मान, सगळं सावकाश पुसलं. मग तापातून उठलेल्या पोराचं सांगावं तसं, अंगणापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "घाम आला हो यांना. चांगला घाम आला. उतरला ताप."

सरांनी शाल स्वतःच्या हाताने काढली.

छायाने नॅपकिन पिळला, झटकला, आणि भैयासाहेबांपुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचाही पुसा."